मशीन हिरवं दाखवतंय, मग सुई कशाला?

"आम्ही भांडुपला राहतो. माझे सासरे, अप्पा, ७१ वर्षांचे. चौदा वर्षांपासून डायबेटीस, गेली दोन वर्षं रात्रीचं इन्सुलिन. श्रावणातल्या एका सोमवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत आरोग्य शिबिर होतं. तिथे सगळ्यांना एका छोट्या यंत्रात फुंकायला लावलं आणि मोबाइलवर रिपोर्ट दिला. अप्पांचा रिपोर्ट: शरीरातली विषद्रव्यं ७४ टक्के, साखर धोक्याच्या पातळीवर, लिव्हरवर ताण. त्यांनी साडेसहा हजारांना ते यंत्र आणि तीन महिन्यांची डिटॉक्स पावडर घेतली. आता रोज सकाळी फुंकतात आणि ॲपवर हिरवा दिवा येतो. तीन आठवडे बोटाला सुई लावलेली नाही, इन्सुलिनही मनानेच थोडं कमी केलंय. काही बोललं की म्हणतात, 'मशीन हिरवं दाखवतंय, मग सुई कशाला?' दुसरी गोष्ट, माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचा खोकला महिनोन्‌महिने जात नाही. छातीच्या डॉक्टरांनी फेनो नावाची तपासणी सांगितली आहे, तीही फुंकायचीच. नवरा म्हणतो, एक फुंकणं साडेसहा हजारांना पडलं, आता दुसरं नको. मी कोणाचं ऐकू?"
– एक सून, भांडुप

ताई, शास्त्र नंतर बघू. आज रात्री इन्सुलिन देण्याआधी ग्लुकोमीटर कपाटातून बाहेर काढा. तीन आठवडे पडून आहे, म्हणजे आधी स्ट्रिप्सच्या बाटलीवरची तारीख बघा आणि झाकण नीट बंद होतं का तेही बघा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडी राहिलेली बाटली म्हणजे वाया गेलेले पैसे, कारण स्ट्रिप ओल धरते आणि आकडा भलताच येतो. मग रात्री जेवणाआधी एकदा आणि उद्या सकाळी उपाशीपोटी एकदा साखर बघा आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना फोनवर सांगा. अप्पांनी कमी केलेले युनिट तुम्ही मनाने पुन्हा वाढवू नका. किती द्यायचं ते त्या आकड्यांवरून डॉक्टर ठरवतील. साखर ७० च्या खाली आली तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या, फोन नंतर. आणि ती ३०० च्या वर असून उलट्या होत असतील, श्वास खोल आणि भराभर चालला असेल, तर फोनची वाटही पाहू नका, रिक्षा करून कॅज्युअल्टी गाठा.

आता अप्पांच्या मशीनबद्दल. शिबिरातला माणूस सगळंच खोटं बोलला असं नाही, आणि गोम तिथेच आहे. श्वासात शेकडो रसायनं असतात हे खरं आहे. लायनस पॉलिंग या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये माणसाचा उच्छ्वास थंड केलेल्या नळीत गोठवून धरला आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने त्यातली द्रव्यं वेगळी केली. अडीचशेच्या आसपास निघाली. आज ही यादी हजाराच्या वर गेली आहे. बाहेर पडणाऱ्या हवेत नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि थोडा आर्गॉन यांचाच भरणा असतो. बाकीचे सगळे इतके थोडे की दहा लाखांत एखादा रेणू, कित्येकदा शंभर कोटींत एखादा.

पण साखर त्या यादीत बसत नाही. ग्लुकोजची शरीराच्या तापमानाला वाफ होत नाही. रक्तातली दारू फुप्फुसात हवेत उडते, तशी साखर उडत नाही. म्हणून "श्वासातून साखर मोजली" असं कोणी म्हणालं की समजायचं, यांनी दुसरंच काहीतरी मोजलं आणि त्यावरून साखरेचा अंदाज बांधला. हे दुसरं म्हणजे बहुतेक वेळा ॲसिटोन. हो, नेलपॉलिश काढायला वापरतात तेच.

ॲसिटोन श्वासात येतं कुठून? पेशींना साखर वापरता येत नसेल, किंवा पोटात काही गेलेलंच नसेल, तर यकृत चरबी जाळायला घेतं. त्यातून कीटोन तयार होतात. त्यांतल्या ॲसिटोॲसिटेट नावाच्या एकाचं आपोआप विघटन होऊन ॲसिटोन बनतं आणि ते श्वासावाटे बाहेर पडतं. निरोगी, जेवलेल्या माणसाच्या श्वासात ते साधारण दहा लाखांत एक भाग किंवा त्याहूनही कमी असतं. इन्सुलिन फारच कमी पडून कीटोॲसिडोसिस झाला, म्हणजे कीटोन साठून रक्त आम्लधर्मी झालं, की ते कित्येक पटींनी वाढतं, आणि शेजारी बसलेल्यालाही पिकलेल्या फळासारखा वास येतो. जुने डॉक्टर खाटेजवळ वाकून हा वास घ्यायचे, त्यात काहीच खोटं नव्हतं.

मात्र ॲसिटोन कीटोनची खबर देतं, साखरेची नाही. आता अप्पांचा तो श्रावणी सोमवार आठवा. सकाळपासून पोटात अन्न नाही, फार तर चहा. उपासाला ॲसिटोन वाढतं, साखर ९५ असली तरी वाढतं. त्या दिवशी हॉलमध्ये फुंकलेले निम्मे लोक उपाशी असणार. शिबिरासाठी याहून सोयीचा वार कोणता? उलट रोजच्या दिवशी अप्पा चहाबरोबर दोन खारी खाऊन बसतात, अंगात थोडंफार इन्सुलिन असतंच, त्यामुळे कीटोन दबलेले राहतात. साखर २८० असली तरी ॲसिटोन गपगार आणि दिवा हिरवा. साखर ५५ वर उतरून घाम फुटला असेल तरीही दिवा हिरवाच. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला साखर उतरण्याचा धोका रोजचा असतो आणि त्याबद्दल हे यंत्र चकार शब्द काढत नाही.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. अप्पांच्या गोळ्यांच्या पाकिटावर "ग्लिफ्लोझिन" असा शेवट असलेलं नाव आहे का? डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. हल्ली या गोळ्या सर्रास देतात, चांगल्याही आहेत. पण त्यांनी कीटोन वाढतात, आणि क्वचित साखर फार चढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होतो. इन्सुलिन एकदम कमी केलं, वर कडक उपास धरला, की ही शक्यता वाढते. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नको. आणि मळमळ, पोटदुखी, धाप सुरू झाली तर ग्लुकोमीटरवर आकडा २०० दिसतोय म्हणून निवांत बसायचं नाही.

बरं, ते यंत्र निदान ॲसिटोन तरी नीट मोजतं का? अशा स्वस्त यंत्रांत साधारणपणे टिन ऑक्साइडचा सेन्सर असतो. लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात "एमक्यू-३" मागा, काचेच्या काउंटरखालून बोटाच्या पेराएवढी, वर बारीक जाळी असलेली एक डबी काढून देतील. किंमत किरकोळ. आत एक बारीक हीटर असतो, तो टिन ऑक्साइडचा थर तापवत ठेवतो. ज्वलनशील वायू त्यावर आला की त्याचा विद्युतरोध बदलतो, तोच बदल मोजायचा. पण कोणता वायू आला हे त्याला कळत नाही. दारूला हलतो, ॲसिटोनला हलतो, स्वयंपाकाच्या गॅसला हलतो, हवेतल्या दमटपणानेही हलतो. शिबिराच्या टेबलावर सॅनिटायझरची बाटली होती का, आठवून बघा. बहुतेक सॅनिटायझर म्हणजे सत्तर टक्के अल्कोहोल. हात चोळून लगेच यंत्र तोंडाशी धरलं तर "विषद्रव्यं" ७४ टक्के काय, ९४ टक्केही येतील. आणि कशाचे ७४ टक्के? टक्केवारीला शंभर कशाला धरलं ते रिपोर्टवर कुठे लिहिलेलं असेल तर मला कळवा.

खऱ्या प्रयोगशाळेत श्वास मोजणारी माणसं याच प्रश्नावर घाम गाळतात. क्रोमॅटोग्राफीने द्रव्यं एकेक करून सुटी करायची, मास स्पेक्ट्रोमीटरने प्रत्येकाची ओळख पटवायची. त्याआधी खोलीतल्या हवेचा नमुना घ्यायचा, कारण एलबीएस रोडवरून आलेला माणूस तिथलं बेन्झीन आणि टोल्युईन बराच वेळ श्वासातून बाहेर टाकत असतो. ते त्याच्या यकृताने बनवलं की बसच्या धुराने दिलं, हे वेगळं काढावं लागतं. श्वासावरून कॅन्सर ओळखण्याचं संशोधन कित्येक वर्षं चालू आहे, अगदी चांगल्या संस्थांत, आणि ते याच ठिकाणी अडखळतं. एका गटाला सापडलेली द्रव्यं दुसऱ्याला सापडत नाहीत. सोसायटीच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, वडे तळल्याच्या वासात हे एका फुंकरीत साधलं म्हणायचं तर कठीण आहे. साखरेचंच म्हणाल, तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना जाहीर इशारा दिला होता, की त्वचेला न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका, असं एकही उपकरण आम्ही मंजूर केलेलं नाही. श्वासाचं यंत्र त्या घड्याळांचंच भावंड.

म्हणून फुंकून घेतलेली प्रत्येक तपासणी बोगस, असा निष्कर्ष तुमच्या यजमानांनी काढला आहे, तो मात्र मला मान्य नाही. रात्री नाकाबंदीला ट्रॅफिक पोलीस फुंकायला लावतात, तो आकडा कोर्टात उभा राहतो. का? एकच द्रव्य शोधायचं आहे, ते रक्तातून हवेत ठरावीक प्रमाणात येतं, आणि कायद्याने मर्यादा आखून दिलेली आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. ॲसिडिटीने हैराण झालेल्यांना हेलिकोबॅक्टर जंतूसाठी यूरिया ब्रेथ टेस्ट करतात, तीही भरवशाची. आधी एका पिशवीत फुंकायचं, मग खास कार्बनची खूण असलेला यूरिया पाण्यातून प्यायचा, अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. पोटात जंतू असेल तर तो यूरिया फोडतो आणि तो खुणेचा कार्बन उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये दिसतो. दूध पचत नाही का हे बघायला हायड्रोजन मोजतात. या सगळ्यांत एक द्रव्य असतं, एक प्रश्न असतो आणि आधी काय खायचं, कुठलं औषध थांबवायचं याचे कडक नियम असतात. एकाच फुंकरीत साखर, लिव्हर आणि विषद्रव्यं सांगणारं त्यांत काही नाही.

आता मुलाचं. फेनो म्हणजे श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडचं मोजमाप. माणसाच्या श्वासात हा वायू असतो हे १९९१ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या मंडळींनी दाखवलं, आणि दमेकऱ्यांच्या श्वासात तो जास्त असतो हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झालं. ॲलर्जीच्या दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला सूज येते. त्या सुजेत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा सुळसुळाट असतो, आणि तेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवायला लागतं. स्टेरॉइडचा इन्हेलर या प्रकारच्या सुजेवर चांगला लागू पडतो. तेव्हा या तपासणीतून डॉक्टरांना जाणून घ्यायचं आहे ते एवढंच: या पोराचा खोकला इन्हेलर ऐकेल अशा जातीचा आहे का?

तपासणीची खोली बघितलीत तर अप्पांच्या यंत्रातला आणि यातला फरक तिथेच कळेल. पोराला सरळ बसवतात. तो यंत्राच्या फिल्टरमधूनच हवा आत ओढतो, कारण मुंबईच्या हवेत गाड्यांच्या धुरातलं नायट्रिक ऑक्साइड आधीच असतं, ते गाळलं नाही तर मोजणार काय? मग एकाच संथ वेगाने सोडायचं, सेकंदाला ५० मिलिलिटर. जोरात फुंकलं की आकडा खोटा कमी येतो, हळू फुंकलं की खोटा जास्त. म्हणून समोर पडद्यावर फुगा किंवा ढग दाखवतात. तो वर पळू द्यायचा नाही, खाली पडू द्यायचा नाही, सहा ते दहा सेकंद मधे तरंगत ठेवायचा. मोठी माणसंही यात चुकतात, जोर लावायची सवय असते ना. पोरं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बरोबर जमवतात. नळीत मुद्दाम थोडा अडथळा ठेवलेला असतो. त्याविरुद्ध फुंकताना टाळूचा मऊ भाग वर जाऊन नाकाची वाट बंद होते. नाकात हा वायू छातीपेक्षा कितीतरी जास्त असतो, तो मिसळला तर सगळंच मुसळ केरात.

लहान मुलांत शंभर कोटी भागांत २० भागांच्या खाली आकडा आला तर तशी सूज असण्याची शक्यता कमी, ३५ च्या वर आला तर बरीच. मधल्या आकड्याला डॉक्टर बाकीच्या गोष्टींशी ताडून बघतात. नुसत्या फेनोवर दम्याचा शिक्का मारायचा नसतो. छातीचा आवाज, घरातली ॲलर्जी, स्पायरोमेट्री (जोरात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजणारी तपासणी) हे सगळं लागतंच. सतत शिंकणाऱ्या, नाक चोंदलेल्या मुलाचा आकडा दम्याशिवायही चढू शकतो. सर्दीतापात तर तपासणी पुढे ढकललेलीच बरी.

जायच्या आधी तासभर काही खायला-प्यायला नको. आदल्या रात्री पालकाची भाजी आणि बीटची कोशिंबीर टाळा, त्यातल्या नायट्रेटने आकडा वाढतो. स्पायरोमेट्री त्याच दिवशी असेल तर फेनो आधी करा असं काउंटरवर सांगा, जोरजोरात फुंकल्यावर तो कमी येतो. इन्हेलर चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका. उलट तो रोज घेतला जातोय का, हेही या आकड्यावरून बरंचसं कळतं, आणि खूप आया तिथे पकडल्या जातात! घरी उदबत्ती, कासवछाप आणि अप्पांचा धूप या तिघांना मात्र आजपासूनच रजा द्या, तपासणीची वाट न पाहता.

राहता राहिले अप्पा. तुम्ही लिहिलेलं पत्र दोनदा वाचलं. ते मशीनवर विश्वास ठेवतात त्यापेक्षा सुईला कंटाळले आहेत असं मला वाटतं. चौदा वर्षं बोट टोचून घेणाऱ्या माणसाला कोणी सांगितलं, नुसतं फुंका, तर तो साडेसहा हजार देणारच. आपणही दिले असते. तेव्हा "तुम्हाला गंडवलं" हे वाक्य घरात कोणी उच्चारू नका, विशेषतः तुमच्या यजमानांनी. आधी सुईचं दुखणं कमी करा. बहुतेक लोक बोटाच्या गादीवर मधोमध टोचतात, जिथे सगळ्यात जास्त दुखतं. कडेला टोचायचं. रोज बोट बदलायचं. कोमट पाण्याने हात धुऊन, हात खाली सोडून जरा हलवला की रक्त सहज येतं, पिळावं लागत नाही. सुई दर वेळी नवी. एकच सुई पंधरा दिवस वापरायची काटकसर आपल्याकडे घरोघरी चालते, ती बोथट होते आणि मग दुखतं. बोट टोचायच्या पेनवर सुई किती खोल जाणार याचा आकडा असतो, तो कमी करून बघा. दंडावर चौदा दिवस राहून साखर मोजणारा सेन्सरही मिळतो, महाग आहे, पण औषध बदलताना दोन आठवड्यांपुरता लावावा का हे डॉक्टरांना विचारता येईल.

मग येत्या रविवारी मशीनची परीक्षा अप्पांकडूनच घ्या. नातवाला वही घेऊन बसवा, आकडे तो लिहील. अप्पांनी पाण्याने चूळ भरून फुंकायचं, लगेच ग्लुकोमीटरवर बोट. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. दोन फुंकरींचे आकडे एकमेकांशीच जुळतात का बघा. मग जेवल्यावर दोन तासांनी परत दोन्ही. शेवटी तुमच्या यजमानांनी, ज्यांना डायबेटीस नाही, हाताला सॅनिटायझर चोळून त्यात फुंकायचं. यजमानांचं लिव्हर पाच मिनिटांत बिघडलेलं दिसलं, तर अप्पा काय ते समजतील. आयुष्यभर हिशेब ठेवलेल्या माणसांना सुनेचा सल्ला पटत नाही, वही पटते.

पावडर आजच थांबवा, पण डबा फेकू नका. तो डॉक्टरांना दाखवा. काही "आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींत साखर उतरवणाऱ्या ॲलोपॅथीच्या गोळ्या मिसळलेल्या सापडल्या आहेत, आणि इन्सुलिनवर असलेल्या माणसाला ते महागात पडतं. डब्याच्या लेबलाचे, यंत्राच्या मागच्या बाजूचे, पावतीचे आणि शिबिराच्या बॅनरचे फोटो काढून ठेवा. यंत्रावर उत्पादकाचं नाव आणि परवाना क्रमांक आहे का बघा. आपल्या देशात एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत, रोगाचं निदान करतो म्हणणाऱ्या यंत्राला परवाना लागतो. डायबेटीस बरा करतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानेच बंदी आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयात, आणि पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. सोसायटीच्या कमिटीने पत्र दिलं तर जास्त वजन पडेल. हॉल कोणाला आणि कोणाच्या सहीने दिला होता, हे सेक्रेटरींना त्या निमित्ताने विचारून घ्या.